धारावी मेट्रो स्टेशन: हवा गार, भाडं गरम

मी चर्चगेटला चार घरी पोळ्या करते. इतकी वर्षं माहीमपर्यंत पायी, पुढे लोकल. २०२५च्या मे महिन्यात धारावीला भुयारी मेट्रो आली, ऑक्टोबरात ती कफ परेडपर्यंत पोचली. सून म्हणाली, "आई, आता तुमची मजा!"

मजा आहेच. सरकता जिना, लिफ्ट, एसी. परवा गुडघा धरला होता तेव्हा चक्क बसून गेले, कुणाचं कोपर बरगडीत नाही. पहिल्या दिवशी तर चपला झटकूनच आत पाय टाकला होता.

पण हिशेब? लोकलचं सेकंड क्लासचं कमीत कमी तिकीट ५ रुपये. इथे सुरुवातच १० पासून, पूर्ण पल्ल्याचे ७०. रोज मेट्रोनं जाऊन-येऊन केलं तर एका घरचा पगार तिकिटातच जिरेल. त्यामुळे लोकलचा महिन्याचा पास काही सोडला नाही. गुडघा बोंबलला तरच मेट्रो.

गल्लीतल्या कितीतरी बायका अजून खाली उतरलेल्याच नाहीत. एकीनं हळूच विचारलं, "तिथं आपल्याला सोडतात का?"

सोडतात गं, पैसे मोजले की.