फोर्ड एफ-२५० वर एलटी२७५/७०आर१८ ऑल-टेरेन टायर: हिवाळा-उन्हाळा ट्रेलर ओढल्यानंतर

मूळ टायर गोटा झाले की अमेरिकेच्या कोलोरॅडोतल्या बऱ्याच एफ-२५० पिकअप ट्रकवाल्यांचा जीव ३५ इंची टायरवर जातो. गाडी उठून दिसते, यात वाद नाही. पण दहा हजार पौंडांचा ट्रेलर ओढायचा असेल तर रूप राहू द्या, आधी साइडवॉलवरचा (टायरच्या बाजूच्या भिंतीवरचा) लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा, वाचा.

टायरवर प्रत्यक्ष किती भार येतो ते कळायला ट्रेलर जोडून, सामान आणि माणसं भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट वजनकाट्यावर गाडी चढवा. पावतीवर पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी येतात. कामाचा आकडा मागच्या अ‍ॅक्सलचा. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर जोडायच्या कडीवर) पडतो, आणि हिच मागच्या चाकांच्याही पलीकडे असल्यानं पुढच्या चाकांवरचं थोडं वजनही मागे येतं. मागे ५,८०० पौंड भरले तर एका टायरवर २,९००. एलटी२७५/७०आर१८, इंडेक्स १२५, हा टायर ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) दाबाला ३,६४० पौंड पेलतो. वीस इंची रीमवरचा ३५×१२.५० टायर, इंडेक्स १२१, ६५ पीएसआयला ३,१९५ च. दोन्हींवर ‘लोड रेंज ई’ हा मजबुतीचा एकच वर्ग लिहिलेला असतो, तिथेच लोक फसतात. मोठ्या टायरला हवेची जागा जास्त, पण कमाल दाब कमी. शिवाय मूळ ३३ इंचांवरून ३५ वर गेलं की ३.७३ गिअर गुणोत्तराचा अ‍ॅक्सल ३.५२ सारखा वागतो, म्हणजे ओढ कमी पडते. आय-७० महामार्गावरच्या आयझेनहॉवर बोगद्याच्या चढावर ते लगेच जाणवतं. म्हणून मूळ मापच ठेवलं आणि त्याचा निकाल चांगला आहे.

नवीन असताना पहिले पाचशे मैल ट्रेलर किंचित डुलतो. १५/३२ इंच खोल नक्षीचे उंच ब्लॉक भाराखाली वळवळतात, पुढे झिजून बसतात. तोवर जड ओझं आणि जास्त वेग टाळा. आवाज हायवे टायरपेक्षा जास्त आहेच आणि डिझेलही गॅलनमागे मैलभर कमी पळतं.

खरी कटकट झिजेची. मागच्या टायरच्या कडेच्या ब्लॉकवरून तळहात फिरवा: एका दिशेनं गुळगुळीत, उलट दिशेनं करवतीसारखं लागतं. ओढताना आणि ब्रेक लावताना ब्लॉकची एक कड दुसरीपेक्षा जास्त घासली जाते, म्हणून असं होतं. दर ५,००० मैलांनी चाकांची जागा बदलली की ते आटोक्यात राहतं. पुढे-मागे हवा वेगळी असते, त्यामुळे जागा बदलल्यावर दाब पुन्हा लावा आणि हवेच्या दाबाच्या सेन्सरलाही नवी जागा शिकवा. नाहीतर डॅशबोर्डवर उगाच दिवा पेटतो. नट टॉर्क रेंचनं आवळा आणि शंभर मैलांच्या आत पुन्हा तपासा.

हवा नेहमी थंड टायरमध्येच मोजा. ६५ पीएसआयच्या आसपास दर १० अंश फॅरनहाइटला दीड पीएसआयचा फरक पडतो. चढण चढून आल्यावर दाब वाढलेला दिसतो, तो काढू नका. काढला तर सकाळी टायर कमी हवेवर असतो, भार आला की साइडवॉल जास्त वाकते, तापते आणि आतले थर सुटायला लागतात. फुटलेल्या टायरमागे बहुतेकदा हेच कारण असतं. खडीच्या रस्त्यावर ४० पर्यंत हवा उतरवायची तर ट्रेलर सोडूनच, आणि डांबरी रस्त्यावर येण्याआधी परत भरायची. म्हणून कंप्रेसर गाडीतच हवा. खडीवरून आल्यावर साइडवॉलची आतली बाजूही टॉर्च लावून बघा, काप तिकडेच लपतो.

बर्फासाठी फक्त ‘एम+एस’ (चिखल आणि बर्फ) या खुणेवर समाधान मानू नका, तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह असलेलाच टायर घ्या. आय-७० वर डॉटसेरो ते मॉरिसनदरम्यान १ सप्टेंबर ते ३१ मे किमान ३/१६ इंच नक्षी लागते, म्हणजे ६/३२. देशभर सर्रास धरली जाणारी २/३२ ची मर्यादा इथे हिवाळ्यात कामाची नाही. १५ वरून ६ पर्यंतचे ९/३२ इंचच वापरायला मिळतात; किमतीचा हिशेब त्यावर मांडा.

घेताना साइडवॉलवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, म्हणजे टायर कधी बनला ते, बघा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. वर्षापेक्षा जुना माल परत करा. स्टेपनीही त्याच मापाची आणि त्याच लोड इंडेक्सची घ्या. ट्रेलरचे एसटी (खास ट्रेलरसाठीचे) टायर मात्र वेगळे. त्यावर दुसरं काही लिहिलं नसेल तर ताशी ६५ मैलांच्या वर वेग नेऊ नका, ट्रकचे टायर कितीही दणकट असोत.