बायझंटाइन साम्राज्याचा अभ्यासवर्ग : नाण्यांचे सत्र चोख, सम्राटांचे कच्चे

गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला विनामूल्य ऐकत वाढलेल्या नाशिककरांनी पैसे भरून कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे पूर्व रोमन अर्थात बायझंटाइन साम्राज्याच्या राजधानीचा (आजच्या इस्तंबूलचा), इतिहास ऐकायला जावे का, असा प्रश्न काही परिचितांनी विचारल्यामुळे हा अभिप्राय लिहीत आहे. गंगापूर रोडवरील एका सभागृहात रविवारी सकाळी भरणारा हा वर्ग नुकताच संपला. माझे मत असे की भरलेले शुल्क वसूल होते; परंतु ते नाण्यांच्या आणि धर्माच्या सत्रांमुळे होते, सम्राटांच्या सत्रामुळे नव्हे.

आधी उणे सांगतो. सम्राटांसाठी राखलेल्या सत्रात इ.स. ३३० मधील राजधानीच्या स्थापनेपासून १४५३ मधील तिच्या पाडावापर्यंतची मजल एका दमात मारण्यात आली, आणि त्या धावपळीत कोणी कोणाचे डोळे काढले, कोणाचे नाक कापले, कोणाला मठात डांबले, याचीच जंत्री लक्षात राहिली. सम्राट दुसऱ्या बासिलने १०१४ च्या लढाईनंतर १५,००० बल्गेरियन कैद्यांना आंधळे केले, ही कथा रंगवून सांगितली. पण हा आकडा आजचे अनेक इतिहासकार फुगवलेला मानतात, हे सांगायचे राहिले. त्याहून मोठी उणीव ही की, याच बासिलने ९९६ मध्ये बलाढ्य जमीनदारांनी गरीब शेतकऱ्यांच्या बळकावलेल्या जमिनी परत कराव्यात असा कायदा केला, त्याचा उल्लेखही झाला नाही. कर भरणारा आणि सैन्यात जाणारा लहान शेतकरी टिकला तरच सरकारी तिजोरी आणि सरहद्द टिकते, हे गणित वतनदारीचा इतिहास वाचलेल्या मराठी श्रोत्याला क्षणात कळले असते. जस्टिनियनच्या वाट्याला तुलनेने बरा वेळ आला. ५३२ मध्ये राजधानीत झालेले निका बंड, त्यात जळालेले चर्च आणि त्याच जागी ५३७ मध्ये उभी राहिलेली हागिया सोफिया, हा क्रम नीट मांडला गेला. पहिला घुमट ५५८ मध्ये कोसळला आणि नवा अधिक उंच बांधावा लागला, हेही आवर्जून सांगितले.

नाण्यांच्या सत्रात मात्र व्याख्यात्यांचा सूरच बदलला. त्यांनी सॉलिडस या सोन्याच्या नाण्याच्या धातूच्या प्रतिकृती श्रोत्यांमध्ये हातोहात फिरवल्या. एका रोमन पौंडातून ७२ नाणी पाडायची, प्रत्येकाचे वजन सुमारे साडेचार ग्रॅम ठेवायचे, हे पहिल्या कॉन्स्टंटाइनने घालून दिलेले प्रमाण जवळजवळ सात शतके पाळले गेले. सराफ बाजारातील एका वयस्कर गृहस्थांनी लगेच विचारले, ‘‘कस किती होता, सर?’’ त्यावर जे उत्तर मिळाले ते त्या दिवशीचे सर्वांत चांगले विवेचन होते. सॉलिडसचे वजन २४ भागांत मोजले जाई, आणि आपल्या पेढ्यांवर आजही चालणारा २४ कॅरेटचा हिशेब तिथपर्यंत मागे नेता येतो. अकराव्या शतकाच्या मध्यापासून नाण्यात हीण वाढत गेले, सम्राट अलेक्सिओस कोम्नेनोसच्या आरंभीच्या काळात त्यात सोने जवळपास नावालाच उरले, आणि १०९२ मध्ये त्याने सुमारे साडेवीस कॅरेटचे नवे नाणे काढून घडी बसवली. हे ऐकून त्या गृहस्थांनी ‘‘म्हणजे बाजारातली पत गेलीच होती,’’ असा शेरा मारला, आणि व्याख्यात्यांनीही तो मान्य केला. याच अलेक्सिओसने दक्षिण इटलीतून चालून आलेल्या नॉर्मनांविरुद्ध आरमाराची मदत मिळावी म्हणून व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना जकातमाफी दिली. पुढे १२०४ मध्ये व्हेनिसच्याच जहाजांतून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी (क्रूसेडरांनी) राजधानी लुटली.

धर्माचा भागही नाण्यावरूनच समजावला, ही या वर्गाची खरी करामत. दुसऱ्या जस्टिनियनने सातव्या शतकाच्या अखेरीस नाण्याच्या दर्शनी बाजूवर ख्रिस्ताचा चेहरा आणला आणि स्वतः मागच्या बाजूला क्रूस धरून ‘ख्रिस्ताचा सेवक’ म्हणून उभा राहिला. त्याच दशकात दमास्कसच्या खलिफाने आपल्या दिनारांवरून माणसाची आकृती काढून केवळ अक्षरे ठेवली. पुढे पूज्य चित्रांना विरोध करणाऱ्या सम्राटांच्या काळात बायझंटाइन नाण्यावर ख्रिस्त दिसत नाही. सम्राज्ञी आयरीनने ७८७ मध्ये नायकिया येथे धर्मपरिषद भरवून चित्रपूजेला मान्यता मिळवून दिली. ती पुन्हा मोडली, आणि ८४३ मध्ये सम्राज्ञी थिओडोराने बालसम्राट मायकेलच्या वतीने कारभार पाहताना ती कायमची प्रस्थापित केली. त्यानंतर मायकेलच्या नाण्यावर ख्रिस्ताचा चेहरा परतला, तोही दुसऱ्या जस्टिनियनच्या जुन्या नाण्याबरहुकूम. चित्राला केलेला नमस्कार चित्रात दाखवलेल्या व्यक्तीला पोहोचतो, ही चित्रपूजेच्या पक्षाची भूमिका पंचवटीत वाढलेल्या श्रोत्यांना वेगळी समजावून सांगावी लागली नाही, आणि व्याख्यात्यांनी फुकाच्या तुलना टाळल्या हे बरे केले.

रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यातील दुराव्याची मांडणीही संयत होती. प्रसादाची भाकरी आंबवलेल्या पिठाची असावी की बिनआंबवलेल्या, हा वाद वरकरणी क्षुल्लक वाटला तरी त्यामागे पोपचा अधिकार पूर्वेत कितपत चालावा हा प्रश्न होता. १०५४ मध्ये पोपच्या दूताने हागिया सोफियाच्या वेदीवर बहिष्काराचे पत्र ठेवले. परंतु सामान्य लोकांची मने खरोखर तुटली ती १२०४ च्या लुटीनंतर, हे व्याख्यात्यांचे मत मला पटते.

आपल्या किनाऱ्याचा संबंध या वर्गात निघेल असे वाटले नव्हते, पण तो निघाला. सहाव्या शतकातील अलेक्झांड्रियाचा व्यापारी कोस्मास याने ‘कल्लियाना’ या बंदरात ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो असे लिहिले आहे. हे बंदर म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यानेच सांगितलेली श्रीलंकेतील कथा अशी : कोणाचा राजा थोर, या वादात रोमन व्यापाऱ्याने तेथील राजापुढे दोन्ही देशांची नाणी ठेवायला लावली, आणि सोन्याच्या नोमिस्मापुढे (हे सॉलिडसचेच ग्रीक नाव) इराणचे चांदीचे नाणे फिके पडले. कथेत बढाई आहेच, कारण सांगणारा एका पक्षाचा आहे. त्याहून जुन्या काळातील पांडवलेण्यांच्या शिलालेखात ७०,००० कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे २,००० सुवर्ण (सोन्याची नाणी), असा ३५ चा भाव कोरलेला आहे. चांदी-सोन्याच्या भावाची चर्चा चालू असताना घरापासून इतक्या जवळचा हा दाखला कोणी काढला नाही, याचे आश्चर्य वाटले.

वारशाचे शेवटचे सत्र घाईचे होते. जस्टिनियनची कायदेसंहिता, ८६३ मध्ये स्लाव्ह लोकांकडे गेलेले सिरिल आणि मेथोडियस हे धर्मप्रचारक बंधू, ९८८ मध्ये कीवचा राजा व्लादिमिर याने घेतलेला बाप्तिस्मा, हे सारे तासाभरात उरकले. टिपणांची पुस्तिका स्वच्छ छापलेली आहे, पण नकाशे इतके लहान आहेत की अनातोलिया कुठे संपते तेच दिसत नाही. ध्वनियंत्रणा मागच्या रांगांना पुरत नाही, म्हणून लवकर जाऊन पुढे बसावे. पुढच्या तुकडीत आयोजकांनी सम्राटांचे सत्र निम्म्यावर आणून तो वेळ नाण्यांना द्यावा आणि त्र्यंबक रस्त्यावरील अंजनेरीच्या नाणे संग्रहालयाची एक भेट कार्यक्रमात जोडावी. तसे झाल्यास शुल्क थोडे वाढले तरी मी पुन्हा नाव नोंदवीन.