दूखस डॉट आयई : घरबसल्या आयर्लंडच्या लोककथा

आयर्लंडची लोकसंस्कृती तिकडे न जाता समजून घ्यायची, तर दूखस (duchas.ie) या मोफत संकेतस्थळाला तोड नाही. इथला खरा खजिना म्हणजे ‘शाळा संग्रह’. 1937 ते 1939 या काळात प्राथमिक शाळांतल्या मुलांनी घरातल्या आणि गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी, औषधी पाले, पवित्र विहिरी, दुष्काळाच्या आठवणी वह्यांत उतरवल्या. सुमारे 7,40,000 पानं आहेत, आणि मुलांच्या हस्ताक्षरातली मूळ पानंही पाहता येतात. आयर्लंडची संत ब्रिजिड हिच्या सणाला लव्हाळ्याचा क्रॉस कसा विणायचा, हे एखाद्या मुलाच्या वळणदार अक्षरात वाचण्याची मजा कुठल्याच छापील पुस्तकात नाही.

शोध मात्र जपून घ्या. मजकुराचा शोध फक्त टंकलिखित झालेल्या पानांतच लागतो. हे काम स्वयंसेवक करतात. काही सापडलं नाही म्हणून सोडून देऊ नका. आधी काउंटी (म्हणजे जिल्हा), मग शाळा निवडून पानं चाळा. गावाच्या नावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा. आयरिश भाषेतल्या पानांत व्यंजनावर टिंब दिसलं, तर आजच्या स्पेलिंगमध्ये तिथे ‘एच’ येतो. शोधताना तोच टाका.

मोठी उणीव एकच: उत्तर आयर्लंडच्या सहा काउंटी यात नाहीत, कारण ही मोहीम तेव्हाच्या आयरिश फ्री स्टेटपुरती, म्हणजे ब्रिटनपासून वेगळ्या झालेल्या आयर्लंडपुरती होती. इंग्रजी येत असेल तर आयरिश भाषेवाचून अडत नाही, बराच मजकूर इंग्रजीतच आहे.