नोटेशनच्या वह्या आणि जमाखर्चाचे कागद: वाचनालयाच्या दुर्मीळ विभागातला अनुभव

कोकणातल्या एका बंदराच्या गावी जुनं वाचनालय आहे. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. त्याच्या दुर्मीळ विभागात एका पेटीवाल्या, म्हणजे हार्मोनियम वाजवणाऱ्या, बुवांचे सगळे कागद ठेवलेत. बुवा उत्सवातल्या संगीत नाटकांना साथ करायचे, भजनाला बसायचे, पोरांना शिकवायचे. त्यांच्या पश्चात घरच्यांनी ट्रंक होती तशी वाचनालयाला दिली. गेल्या उन्हाळ्यापासून मी हा संग्रह वापरतोय. मी पेटी शिकवतो, आणि आमच्याकडच्या हौशी मंडळींनी नाट्यपदं नेमकी कशी गायली-वाजवली हे मला हवं होतं.

निकाल आधीच सांगतो. संग्रह अस्सल आहे, यादी फसवी आहे, आणि नोटेशनच्या वह्यांपेक्षा त्यांच्या आजूबाजूचे किरकोळ कागद जास्त बोलतात.

वह्या दिसायला देखण्या. जाड पुठ्ठा, वर कापडी पाठ, आत पद, राग, ताल, चाल आणि खाली सुरावट. किर्लोस्कर-देवलांच्या छापील नाटकांत पदावर 'चाल अमुक' असं लिहिलेलं असतं, तशी ओळ इथेही आहे, फक्त कधीकधी छापील चालीवर काट मारून शेजारी गावातल्याच कुठल्या आरतीचं नाव घातलंय. हे छापील पुस्तकात कुठे सापडणार? शाकुंतल १८८० सालचं, सौभद्र १८८२ चं, शारदा १८९९ चं. ही नाटकं खेड्यापाड्यांत पोचली तेव्हा त्यांचं काय झालं, ते या काटांमधून कळतं.

पण सुरावट वाचायला बसलात की डोकं धरायची वेळ येते. सूर लिहायच्या दोन पद्धती आहेत, एक विष्णु दिगंबर पलुस्करांची, दुसरी विष्णु नारायण भातखंड्यांची. बुवांच्या आधीच्या वह्या पलुस्करांच्या पद्धतीत आहेत, नंतरच्या भातखंड्यांच्या. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र. पलुस्करांकडे डोक्यावरचं टिंब मंद्राचं, आणि तार स्वरावर उभी रेघ. म्हणजे तेच टिंब एका वहीत वर नेतं, दुसऱ्या वहीत खाली आणतं. तालाचंही तसंच. भातखंडे समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, × करतात आणि खालीला, म्हणजे टाळी न देता हात नुसता हलवायच्या जागेला, शून्य. पलुस्कर समेला १ लिहितात आणि खालीला +. घाईत लिहिलेला × जरा कलला की + दिसतो, आणि सम म्हणून तुम्ही खालीच्या मात्रेवर येऊन पडता. कुठली वही कुठल्या पद्धतीची, हे यादीत लिहिलेलं नाही. यादीत सगळ्यांपुढे एकच शेरा: 'संगीतविषयक हस्तलिखित'.

याचा उलगडा वह्यांत नव्हताच. एका पत्रात होता. बुवा तरुणपणी मुंबईला गंधर्व महाविद्यालयात काही काळ शिकले (पलुस्करांनी लाहोरला १९०१ मध्ये ते काढलं, मुंबईची शाखा १९०८ ची), आणि पुढे बऱ्याच वर्षांनी एका स्नेह्यानं त्यांना भातखंड्यांची क्रमिक पुस्तकं पाठवली. पुस्तकं मिळाल्याची पोच त्या पत्रात आहे, तारखेसकट. त्या तारखेच्या आधीच्या वह्या पलुस्करांच्या चष्म्यानं वाचायच्या, नंतरच्या भातखंड्यांच्या.

हे पत्र वह्यांच्या कपाटात नाही. ते 'संकीर्ण' असं लिहिलेल्या वेगळ्या कपाटात आहे, आणि ते कपाट दुसऱ्या खोलीत. ट्रंक आल्यावर कुणीतरी मन लावून वर्गवारी केली: संगीत इकडे, खाजगी कागद तिकडे, छापील हँडबिलं तिसरीकडे. हेतू चांगला, पण अभिलेखागारात काम केलेला माणूस असं कधी करणार नाही. एका माणसाचे कागद ज्या क्रमानं त्याच्याकडे होते त्याच क्रमानं ठेवायचे, हा त्या धंद्यातला पहिला नियम. इथे वहीतून पडलेली पोस्टकार्डंसुद्धा 'पत्रव्यवहार' म्हणून काढून घेतली आहेत. कुठल्या पानात होती हे आता कोण सांगणार?

सगळ्यात लख्ख उदाहरण देतो. एका नायिकेच्या पदात बुवांनी तार सप्तकातल्या सगळ्या जागा खोडून खालच्या सुरांत फिरवल्या आहेत. मला आधी ही कुठल्या तरी निराळ्या गायकीची छाप वाटली, आणि मी तिचा माग काढायला निघालो होतो. मग संकीर्ण कपाटात मंडळाच्या कार्यवाहांचं पोस्टकार्ड मिळालं: यंदा नायिकेचं काम करणाऱ्या पोराचा आवाज फुटतोय, पट्टी उतरवूनही भागत नाही, काहीतरी करा. बुवांनी केलं ते हे. सारेगमच्या नोटेशनमध्ये पट्टी येत नाही, सा कुठला धरायचा ते वाजवणाऱ्यावर. पण रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, उत्सवाच्या महिन्यात पेटी दुरुस्त करणाऱ्याला दिलेली मजुरी, भात्याचं कातडं, कुठले सूर बदलून घेतले, हे सगळं आहे. त्यावरून कुठल्या पट्टीत गाणं चाललं होतं याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. हिशेब मोडीत आहेत, पदं बाळबोधीत. मोडी येत नसेल तर येणाऱ्याला सोबत घ्या, नाहीतर अर्धा संग्रह तुमच्यासाठी बंद.

आणखी एक गंमत. १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली आणि ती कित्येक वर्षं टिकली. संग्रहात बुवांनी या विषयावर लिहिलेल्या पत्राचा कच्चा खर्डा आहे. पाठवलं की नाही कळत नाही. भाषा अशी की मला वाटतं घरच्यांनीच पाठवू दिलं नसावं.

आता स्कॅनबद्दल, कारण बहुतेकांना घरबसल्या पीडीएफ हवी असते. काही वह्या स्कॅन झाल्या आहेत, पण निव्वळ काळ्या-पांढऱ्यात. गद्य असतं तर चाललं असतं. नोटेशनमध्ये टिंब म्हणजे सप्तक, आणि जुन्या कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके सगळीकडे. रंगीत पानावर शाईचं टिंब आणि ओलीचा ठिपका डोळ्याला लगेच वेगळे दिसतात; काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये दोन्ही सारखेच काळे. उलट फिक्या शाईची खरी टिंबं साफ उडाली आहेत. कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि वहीची छापील ओळ एकमेकींत मिसळतात ते निराळंच. त्यामुळे पीडीएफवरून सुरावट उतरवू नका. कुठल्या पानावर काय आहे एवढं बघायला ती ठीक. हव्या त्या पानांचे रंगीत फोटो मागा, निदान ३०० डीपीआय, जमल्यास ४००. पानामागे थोडं शुल्क घेतात, रास्त आहे. मोबाईलनं स्वतः काढू द्यायचे की नाही, हे त्या दिवशी टेबलावर कोण बसलंय त्यावर ठरतं.

पावसाळ्यात जाऊ नका. मी गेलो, म्हणून सांगतोय. आषाढ-श्रावणात आपल्याकडे हवेतली आर्द्रता ऐंशीच्या वर सहज असते, आणि पासष्ट-सत्तरच्या पुढे कागदावर बुरशी धरायला लागते. पानं एकमेकांना चिकटलेली असतात, आणि ती सोडवायचा मोह धोक्याचा. बोरूच्या काळ्या शाईला फारसं काही होत नाही, फाउंटन पेनची निळी मात्र पसरते, आणि कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेलं ओलीनं जांभळं होऊन बसतं. त्या दिवसांत ग्रंथपालबाई कपाटं उघडायलाच नाखूश असतात, आणि त्यांचं बरोबर आहे. बाहेरची दमट हवा आत घेऊन काय करायचं? कपाटात डांबराच्या गोळ्या, शिवाय कुणीतरी वेखंडाचे तुकडे ठेवलेत. ओल शोषणारं यंत्र एका खोलीत आहे, वीज असली तर चालतं. मार्गशीर्ष ते फाल्गुन हा काळ उत्तम. शिमग्याच्या आठवड्यात वाचनालय उघडं असलं तरी माणसं पालखीमागे.

माणसांविषयी तक्रार नाही. शासनमान्य वाचनालयांची अ, ब, क, ड वर्गवारी होते ती ग्रंथसंख्या, नियतकालिकं, सभासद यांवरून. हस्तलिखितांच्या ट्रंकेनं वर्ग चढत नाही, त्यामुळे या विभागाला वेगळा माणूस नाही. देवघेव सांभाळून बाई हे बघतात. पण विचारलंत तर दाखल नोंदवही काढून देतात, आणि सगळ्यात उपयोगी तीच. छापील यादी बाजूला ठेवा. नोंदवहीत ट्रंक आली त्या तारखेखाली एकामागून एक सगळ्या वस्तू आहेत, वर्गवारीच्या आधीच्या क्रमानं. मी ती उतरवून घेतली आणि तिच्यावरून कुठल्या वहीशेजारी कुठलं बाड होतं हे पुन्हा जुळवलं. पेन आत नेऊ देत नाहीत, पेन्सिल न्या. पांढरे हातमोजे मागू नका, त्यांनी पानाचा कोपरा नीट कळत नाही आणि फाटतो. हात स्वच्छ धुवून कोरडे केले की पुरे.

छापायचं असेल तर हक्कांचं नीट बघा. भारतीय कायद्यात लेखक किंवा संगीतकार गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतात. सार्वजनिक वाचनालयात असलेलं अप्रकाशित लेखन अभ्यासासाठी किंवा छापण्यासाठी उतरवायला १९५७ च्या कायद्यात सवलत आहे, पण लेखक माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला साठ वर्षं उलटलेली हवीत. पदाचे शब्द आणि चाल यांचे हक्क वेगवेगळे मोजायचे. आणि पत्राचा हक्क ज्यानं लिहिलं त्याचा, ज्याला आलं त्याचा नाही. वाचनालयवाले 'बुवांच्या घरच्यांची परवानगी आणा' एवढंच म्हणतात. कार्यवाहांच्या पोस्टकार्डासाठी ती परवानगी कामाची नाही.

कुणासाठी हा संग्रह नाही, तेही सांगतो. दशावताराच्या संहिता शोधत असाल तर जाऊ नका. तिथले संवाद नट रंगमंचावर जागच्या जागी रचतात, लिहिलेलं मिळणार कुठून? शक्ती-तुऱ्याची, म्हणजे दोन पार्ट्यांतल्या सवाल-जबाबाच्या गाण्यांची, एक वही विभागात आहे, पण देणाऱ्या शाहिरानं आपल्या हयातीत कुणाला दाखवू नये अशी अट घातली आहे. प्रतिस्पर्धी पार्टीनं सवाल वाचले तर संपलंच.

मला दोघा-तिघांनी विचारलं, आमच्या आजोबांच्या वह्या अशा ठिकाणी द्याव्यात का. द्या. माळ्यावर कसर आणि वाळवी खाण्यापेक्षा शंभर पटींनी बरं. पण निवडून देऊ नका. पदांची वही 'महत्त्वाची' म्हणून देता आणि किराणाच्या याद्या, पोस्टकार्डं, पावत्या बंबात घालता, तसं नको. ट्रंक आहे तशी द्या. देण्याआधी वरून खाली एकेक वस्तू काढत यादी करा, प्रत्येक थराचा मोबाईलवर फोटो काढा. यादीची एक प्रत वाचनालयाच्या सहीशिक्क्यासकट घरी ठेवा, आणि दानपत्रात दोन ओळी घाला: क्रम बदलू नये, आणि स्कॅन केल्यास रंगीत करावं.