पैसे भरून घेतलेला अँटीव्हायरस काढला, विंडोजमधलाच ठेवला: काही महिन्यांनंतरचा अनुभव

सबस्क्रिप्शन संपायला चांगला अवकाश होता, तरी कंपनीने पुढच्या वर्षाचे पैसे कार्डावरून आधीच कापून घेतले. तेही पहिल्या वर्षी भरले होते त्याच्या दुपटीहून जास्त. कंपनीचं नाव देत नाही, कारण पहिलं वर्ष स्वस्त आणि दुसऱ्या वर्षापासून कात्री, ही पद्धत या धंद्यात सर्रास चालते. चॅटवरच्या प्रतिनिधीने सांगितलं, "सर, तुमची सुरक्षा खंडित होऊ नये म्हणून रक्कम आगाऊ घेतली जाते." मी विचारलं, नवीन ग्राहकाला हीच वस्तू निम्म्याहून कमी दरात देताय, मग जुन्याला का नाही? त्यावर लगेच सूट देऊ केली. नको म्हटल्यावर आणखी सूट. पैसेच परत हवेत यावर मी ठाम राहिलो, तेव्हा परतावा मंजूर झाला आणि काही दिवसांनी जमाही झाला. म्हणजे जो भांडेल त्याला एक भाव आणि जो गप्प राहील त्याला दुसरा. ज्या कंपनीवर आपण घरच्या कॉम्प्युटरची राखण सोपवतो, तिने असं वागावं हे मला अजिबात पटत नाही.

तरीही फक्त पैशांचा प्रश्न असता तर सूट घेऊन मी तिथेच राहिलो असतो. ते सॉफ्टवेअर काढलं ते स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात येणाऱ्या चौकटीमुळे. या चौकटीवर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण स्कॅनचा वेग, रॅम, पकडलेल्या व्हायरसची टक्केवारी हे सगळं कुठेही वाचायला मिळतं.

घरच्या कॉम्प्युटरवर मुख्यतः बाबा बसतात. मेल, बातम्या, फोटो, बँकेची कामं. सॉफ्टवेअर नवीन होतं तेव्हा चौकट आली की ते मला हाक मारायचे. कधी लिहिलेलं असायचं, "तुमचा आयपी पत्ता उघड आहे." (आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक. तो उघड असतोच, त्याशिवाय वेबसाइट आपल्याला पान कुठे पाठवणार?) कधी "७ समस्या सापडल्या", आणि आत गेलं की समस्या म्हणजे ब्राउझरमधल्या कुकीज (वेबसाइटनी ठेवलेल्या छोट्या नोंदी), जुना झालेला एखादा ड्रायव्हर (प्रिंटरसारखं उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) आणि न घेतलेला व्हीपीएन (आयपी पत्ता लपवणारी, वेगळे पैसे घेणारी सेवा). कधी "कॉम्प्युटर मंदावतोय, आता दुरुस्त करा" आणि बटण दाबलं की खरेदीचं पान. दर वेळी तोच लाल पट्टा, तेच उद्गारचिन्ह, तोच आवाज. मी दर वेळी सांगायचो, बाबा, ही जाहिरात आहे, बंद करा. हळूहळू त्यांनी हाक मारणं सोडून दिलं.

परताव्याच्या भानगडीत मी सॉफ्टवेअरचा इतिहास उघडून पाहिला, तेव्हा त्यात एक खरी नोंद सापडली. मेलमधून उतरवलेली झिप फाइल, आत बिलाच्या नावाखाली लपवलेला स्क्रिप्ट (आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल), क्वारंटाइन केला, म्हणजे बाजूला कोंडून ठेवला. काम चोख झालं होतं, त्याबद्दल सॉफ्टवेअरला पूर्ण गुण. मी बाबांना विचारलं, तुम्हाला काही सूचना आली होती का? ते म्हणाले, "तो लाल चौकोन ना? तो तर मी रोजच बंद करतो." लांडगा आला रे आला म्हणून रोज ओरडायचं आणि खरा लांडगा आल्यावर कोणी धावलं नाही, असा हा प्रकार. या वेळी फाइल आपोआप अडवली गेली म्हणून निभावलं. पण अँटीव्हायरस कित्येकदा निर्णय आपल्यावर सोडतो, "या फाइलला परवानगी द्यायची का?" असं विचारतो. न वाचता बटण दाबायची सवय लागलेला माणूस तिथे काय करेल, या विचाराने मी खरंच घाबरलो.

मग मी आयकार फाइलवर प्रयोग केला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: आयकार म्हणजे ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ. ती नोटपॅडमध्ये चिकटवून सेव्ह केली की जवळपास प्रत्येक अँटीव्हायरस तिला व्हायरस समजून पकडतो, कारण ती चाचणीसाठीच ठरवून बनवलेली आहे. बहुतेक जण ती वापरतात ते संरक्षण चालू आहे का हे पाहायला. मला पाहायचं होतं, खरा इशारा दिसतो कसा. फाइल सेव्ह करताच पकडली गेली आणि चौकट आली. आकार जाहिरातीच्या चौकटीएवढाच, रंग तोच, जागा तीच. फरक एकच: खरा इशारा काही क्षणांनी आपोआप नाहीसा झाला. जाहिरात मात्र आपण बंद करेपर्यंत तशीच बसून राहते, आणि तिच्यावरची फुली एवढी फिकट की बाबांना चष्मा लावून शोधावी लागायची. हे बनवणाऱ्यांनी कशाला जास्त महत्त्व दिलं, ते यातून स्पष्ट दिसतं. सेटिंग्जमध्ये "विशेष ऑफर" बंद करायचा पर्याय होता. तो बंद केल्यावर ऑफर थांबल्या, पण "समस्या सापडल्या" चालूच राहिलं, कारण कंपनीच्या लेखी ती जाहिरात नव्हती, सुरक्षेचा सल्ला होता.

काढायला गेलो तर वाटेत दोन पानं मनधरणीची, एक सवलतीचं आणि एक "का जाताय?" विचारणारं. नेहमीच्या पद्धतीने अनइन्स्टॉल केल्यावरही एक सर्व्हिस (मागे गुपचूप चालणारा प्रोग्रॅम) आणि ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन (जोडलेली पुरवणी) मागे राहिलं. बहुतेक कंपन्या स्वतःचं वेगळं रिमूव्हल टूल देतात. ते कंपनीच्याच साइटवरून उतरवून चालवा, म्हणजे उरलंसुरलं निघून जातं. दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस असेपर्यंत डिफेंडर, म्हणजे विंडोजमधलाच अँटीव्हायरस, बाजूला सरतो, आणि दुसरा काढल्यावर स्वतःहून चालू होतो. माझ्याकडे रीस्टार्ट केल्यावर झाला. तरी विंडोज सिक्युरिटी हे डिफेंडरचं ॲप उघडून हिरवी खूण दिसतेय ना, हे डोळ्यांनी पाहून घ्या आणि अपडेट हाताने एकदा चालवा.

डिफेंडरबद्दल माझ्या मनात जुनी अढी होती आणि तिला आधारही होता. २००६ मध्ये तो आला तेव्हा फक्त स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारे प्रोग्रॅम, पकडायचा. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स हा फुकट अँटीव्हायरस काढला, पण २०१२ च्या अखेरीस एव्ही-टेस्ट या जर्मन प्रयोगशाळेने त्याला प्रमाणपत्र नाकारलं होतं. पूर्ण अँटीव्हायरस म्हणून डिफेंडर विंडोजच्या आत आला तो विंडोज ८ पासून. आज चित्र बरंच वेगळं आहे. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण देते, आणि अलीकडच्या वर्षांत डिफेंडर सातत्याने वरच्या रांगेत दिसतो. एक उणीव मात्र ध्यानात ठेवा. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज इंटरनेट असताना आणि नसताना असे दोन वेगळे आकडे देते, आणि त्यात डिफेंडर इंटरनेट नसताना बराच मागे पडलेला अनेकदा दिसतो. तो क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटपलीकडच्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर, खूप विसंबून असतो. घरात नेट नसेल आणि सगळी देवाणघेवाण पेनड्राइव्हवर चालत असेल तर ही गोष्ट निवडीत मोजायला हवी.

पहिल्या आठवड्यात मी खूश होतो, कारण शांतता होती. मग कुरबुरी सुरू झाल्या. जुन्या हार्ड डिस्कवरून फोटोंचे मोठे फोल्डर कॉपी करताना वेग जाणवण्याइतका पडतो. टास्क मॅनेजरमध्ये (कोणता प्रोग्रॅम किती ताण देतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) "अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल", म्हणजे डिफेंडरच, वर चढलेलं दिसतं. पैसे भरलेलं सॉफ्टवेअर या बाबतीत हलकं होतं, हे मान्यच करायला हवं.

"कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस" मी मुद्दाम चालू केलं. रॅन्समवेअरपासून (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसपासून) डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स वाचवणारी ही सोय मूळात बंद असते. कल्पना उत्तम आहे: अनोळखी प्रोग्रॅमला या फोल्डरांत काहीही बदलता येत नाही. पण बाबांच्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर जुनं, त्यालाही अनोळखी ठरवलं. स्कॅनरचा प्रोग्रॅम म्हणायचा "फाइल सेव्ह करता आली नाही", आणि खरं कारण दुसरीकडे विंडोज सिक्युरिटीच्या इतिहासात पडलेलं. परवानगीच्या यादीत तो प्रोग्रॅम घातल्यावर काम मार्गी लागलं. ही सोय चालू ठेवाच असं मी म्हणेन, फक्त पहिले काही दिवस सेव्ह होताना काही अडलं तर आधी तिथे बघा.

यात एके ठिकाणी माझं मत बदललं. डिफेंडरसोबतचं स्मार्टस्क्रीन खोट्या वेबसाइट अडवतं, पण मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरची मदार गूगलच्या सेफ ब्राउझिंगवर, म्हणजे धोकादायक साइटच्या यादीवर, असते. बाबा क्रोम वापरतात. पार्सल अडकलंय, थोडी रक्कम भरा, अशा मेलमधली एक लिंक क्रोमने सरळ उघडून दाखवली. बाबांनी काही भरलं नाही, पण पान उघडलं. माझ्या एका मित्राकडे तेच जुनं पैसे भरलेलं सॉफ्टवेअर अजून आहे, आणि तीच लिंक त्याच्याकडे अडली. एका लिंकवरून निकाल लावता येत नाही, कारण अशी पानं काही तासांत जागा बदलतात आणि कोणाची यादी आधी अपडेट होते यावर सगळं ठरतं. तरी फसव्या लिंक ही तुमच्या घरातली मुख्य भीती असेल, तर चांगल्या पैसेवाल्या सॉफ्टवेअरच्या या भागाला किंमत आहे, असं मी आता म्हणतो. आमच्याकडे मी क्रोममध्ये सेफ ब्राउझिंग "एन्हान्स्ड" वर ठेवलं. त्यात भेट दिलेल्या पत्त्यांची जास्त माहिती गूगलकडे जाते, हे ठाऊक असूनच ठेवलं.

तिसऱ्या कोणाचा फुकट अँटीव्हायरस का नाही, असं विचाराल. अव्हास्ट या फुकट अँटीव्हायरसचं प्रकरण आठवतं म्हणून. वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकली जात असल्याचं उघड झालं, २०२० मध्ये जम्पशॉट बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित पाहणारी सरकारी संस्था) अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. अँटीव्हायरसला कॉम्प्युटरमधलं सगळं दिसतं. त्याचा खर्च कोण उचलतंय, हे कळल्याशिवाय मी तो घरात घेणार नाही.

आता परत चौकटीकडे. डिफेंडरही पूर्ण निर्मळ नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करा, वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन फाइल-साठवण) जोडा, अशा शिफारशी तो करतो आणि त्यासाठी आपल्या ढालीच्या चिन्हावर पिवळा त्रिकोण दाखवतो. सुरक्षेच्या खुणेवर स्वतःची दुसरी सेवा पुढे करणं चूकच आहे, मग ते कोणीही करो. पण "डिसमिस" केलं की माझ्याकडे तो त्रिकोण गेला आणि अजून परत आलेला नाही. शिवाय सेटिंग्जमधल्या "मॅनेज नोटिफिकेशन्स" मध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या बंद-चालू करता येतात: स्कॅनचे निकाल, धोका सापडला पण तुम्ही काही करायची गरज नाही, आणि फाइल किंवा कृती अडवली. मी पहिली बंद केली, बाकी दोन चालू ठेवल्या. आयकार फाइलवर पुन्हा प्रयोग केला, या वेळी बाबांना शेजारी बसवून. म्हटलं, बाबा, आता अशी चौकट आली तर ती खरी समजा आणि मला हाक मारा. त्यानंतर त्यांनी हाक मारली ती एका डाउनलोडसाठी. व्हिडिओ प्लेअर म्हणून आलेल्या फाइलसोबत नको असलेला टूलबार होता आणि डिफेंडरने ती अडवली होती. चौकटीतला मजकूर त्यांनी मला वाचून दाखवला. माझ्यासाठी निवडीचा निकाल तिथेच लागला.

विंडोज १० वाल्यांसाठी वेगळं सांगतो. त्या आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरच्या व्हायरस व्याख्या, म्हणजे नवे व्हायरस ओळखायच्या खुणा, २०२८ पर्यंत मिळत राहतील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, आणि त्या भरवशावर अनेक जण निवांत आहेत. पण व्याख्या मिळाल्याने विंडोजमधली भोकं बुजत नाहीत. वॉनाक्राय या रॅन्समवेअरने मे २०१७ मध्ये जगभर हाहाकार उडवला, तेव्हा ते भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच येऊन गेलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं ते सापडले. घरातला दुसरा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. त्याची मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली, ती मुदत संपेपर्यंत तो चालेल. नंतर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली घालणार आहे. त्याच्यासाठी नवा अँटीव्हायरस विकत घेणार नाही.