कंबाइनचं वाटाणा किट: लिफ्टर एक नंबर, कॉन्केव्ह ठीक, बाकी सगळं तुमच्या सेटिंगवर

गव्हाच्या कंबाइनला (कापणी-मळणी यंत्राला) लावायचं वाटाणा किट, म्हणजे कटर बारवर (पुढच्या कापणाऱ्या पात्यावर) बसणारे लिफ्टर आणि गोल सळ्यांचं कॉन्केव्ह (मळणीच्या ड्रमखालची जाळी), वाळलेल्या वाटाण्यात वापरून झालंय. किट बसवलं की काम झालं असं विकणारे सांगतात, तसं काही नाहीये.

आधी लिफ्टर, कारण पैसे वसूल होतात ते यातच. वाटाणा पिकला की वेल लोळतो, खालच्या शेंगा पार मातीला टेकतात आणि कटर बार जमिनीला घासत न्यावा लागतो, मग खडे, ढेकळं सगळं आत. लिफ्टर वेल उचलून धरतात त्यामुळे पातं जरा वर ठेवता येतं आणि दाण्याला मातीचा डाग कमी लागतो. फक्त वेल पडलाय त्याच्या उलट दिशेने नाहीतर आडवं चालवा, पडलाय त्याच बाजूला गेलात तर लिफ्टर नुसते वरून सरकतात. रील (वेल आत ओढणारं पुढचं फिरतं चक्र) गाडीच्या चालीपेक्षा किंचितच जास्त फिरवा, जोरात फिरवलं की शेंगा तिथेच फुटतात आणि दाणे जमिनीवर, ते कुठलंही किट परत आणून देत नाही.

कॉन्केव्ह बरं आहे. फटी मोठ्या, दाणा लवकर खाली पडतो, रगडला कमी जातो. पण ड्रम गव्हाच्या स्पीडला ठेवलात तर टाकीत वाटाणा नाही, डाळच मिळेल. ४०० ते ५०० आरपीएमपासून सुरू करा, ड्रम आणि कॉन्केव्हमधली गॅप १५-२० मिमी, आणि टाकीतला दाणा हातात घेऊन बघत बघत बदला. फूट दिसली की आधी ड्रम कमी करा, गॅपला नंतर हात लावा. न फुटलेल्या शेंगा येत असतील तर उलटं, पण थोडं थोडं.

आता एक गोष्ट जी किटच्या पुस्तकात कुठेच नाही. खालची चाळणी फार बंद ठेवली तर चांगला सुटा दाणा परतीच्या एलिव्हेटरमधून पुन्हा ड्रममध्ये जातो आणि दुसऱ्या फेरीत फुटतो, आणि माणूस बिचाऱ्या ड्रमला शिव्या देत बसतो!! परतीत सुटा दाणा जास्त दिसला तर चाळणी उघडा. पंख्याला घाबरू नका, वाटाणा जड असतो, वाऱ्याने सहसा उडत नाही, भुसा मात्र छान निघून जातो.

ओलावा १६-१८ टक्के असताना काढलं तर बरं, १४ च्या खाली गेला की कितीही सेटिंग करा फूट वाढतेच. सकाळी दवात वेल चिवट असतो, दुपारी तोच कडकडीत, म्हणजे सकाळचं सेटिंग दुपारी चालेलच असं नाही, दिवसातून दोनदा तरी बघावं लागतं.

तक्रारी दोन. कॉन्केव्ह बदलणं एकट्याचं काम नाही, जड आहे आणि जागा अडचणीची, त्यात बोल्टची भोकं जुळेपर्यंत जीव जातो. दुसरं म्हणजे टाकी रिकामी करणाऱ्या ऑगरसाठी (दाणे ढकलणाऱ्या स्क्रूसाठी) किटमध्ये काहीच नाही, आणि बियाण्याचा वाटाणा असेल तर तिथेही मार बसतो. त्यावर उपाय एवढाच की ऑगर हळू चालवा पण भरलेला चालवा, अर्धा रिकामा ऑगर दाणे जास्त फोडतो.

नुकसान मोजायचं असेल तर गाडी थांबवा, थोडी मागे घ्या आणि एक चौरस मीटरमधले दाणे मोजा. दाणा साधारण ०.२ ग्रॅमचा धरला तर ५० दाणे म्हणजे हेक्टरी १०० किलो गेले. यातले हेडरपाशी (पुढच्या कापणीच्या भागापाशी) किती सांडले आणि चाळणीवरून मागे किती गेले ते वेगळं मोजा, म्हणजे कुठे हात घालायचा ते कळतं, माझ्याकडे तरी बहुतेक वेळा गळती हेडरपाशीच निघाली.

पाचपैकी साडेतीन. लिफ्टर सुटे मिळत असतील तर आधी तेवढेच घ्या, कॉन्केव्हचं नंतर बघता येईल.