जनशक्ती वाचक चळवळीचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’

शाहू पाटोळे यांचे हे पुस्तक औरंगाबादच्या जनशक्ती वाचक चळवळीने २०१५ साली प्रकाशित केले. त्याच वर्षी महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी लागू झाली, हे लक्षात घेतले तर प्रकाशकाच्या निवडीचे वजन कळते. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाची ही नोंद आहे. वाळवलेल्या गोमांसाच्या चान्या, रक्ती (रक्ताचा पदार्थ), वजडी (जनावराचे पोट-आतडी) यांच्याबरोबरच रानभाज्या आणि भाकरीही येथे आहेत, आणि पाककृतींना जोडून कोणाच्या वाट्याला काय येत असे व ते का, याचे विवेचन येते, ज्यामुळे हे पुस्तक स्वयंपाकघरापुरते उरत नाही.

तेला-तुपाचा वापर बेताचा आणि साहित्य मोजके असल्यामुळे, सुबक छायाचित्रे व चमच्यांची मापे यांना सरावलेला वाचक थोडा बिचकेल. मला मात्र हा कोरडेपणाच प्रामाणिक वाटतो. मोठ्या प्रकाशनगृहाच्या संपादकाने तो बहुधा गुळगुळीत केला असता.

अडचण वितरणाची. लहान प्रकाशकाचे पुस्तक मुख्यतः प्रदर्शने, ओळखीचे विक्रेते आणि वाचकांची शिफारस यांवर चालते, त्यामुळे ते सहज हाती लागेलच असे नाही. भूषण कोरगांवकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद हार्परकॉलिन्सने २०२४ मध्ये काढला आणि पुस्तक देशभर पोचले. तरीही मराठी वाचकाने मूळ आवृत्तीच मिळवावी. चटण्या-कोशिंबिरींच्या सरधोपट पुस्तकांपेक्षा ती कितीतरी मोलाची आहे.